खानापूर पुन्हा विट्याला गेलं: सीमाभागातल्या गावांचा खुला डेटा जोडताना दरवर्षी येणारी अडचण

पावसाळा संपला की आमच्या गटाकडे विहिरींच्या नव्या नोंदी येतात. बेळगाव शहर, येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड, जांबोटी, कणकुंबी अशा ठिकाणच्या विहिरी. खोली किती, पाणी कुठवर आलंय, कठडा शाबूत आहे का, पाणी पिण्याजोगं आहे का, एवढं आम्ही लिहून घेतो आणि खुला डेटा म्हणून सिमँटिक वेबवर (प्रोग्रामांनाही वाचता येईल अशा, एकमेकांना जोडलेल्या डेटाच्या जाळ्यात) ठेवतो. म्हणजे प्रत्येक विहिरीला आणि प्रत्येक गावाला स्वतःचा कायमचा वेबपत्ता, अर्थात यूआरआय, मिळतो. तो पत्ता विकीडेटा, जिओनेम्स, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या माहितीसाठ्यांवरच्या त्याच गावाशी जोडलेला असतो. कुणी पावसाच्या आकड्यांशी आमची पातळी ताडून बघायची म्हटली तर त्याला गावांची यादी पुन्हा हातानं जुळवायला लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

आणि जवळजवळ प्रत्येक खेपेनंतर तक्रारी येतात त्याही ठरलेल्या. खानापूरच्या विहिरी सांगली जिल्ह्यात दिसतात. येळ्ळूर यादीत दोनदा येतं, अर्ध्या विहिरी एका येळ्ळूरात आणि अर्ध्या दुसऱ्यात. किंवा "कडोली" टाकून शोधलं तर डेटा असूनही उत्तर शून्य.

सुरुवातीची दोन वर्षं आम्ही या तीन वेगळ्या चुका समजून प्रत्येक वेळी हातानं दुरुस्त करत राहिलो, आणि पुढच्या वर्षी त्या पुन्हा उगवल्या. तिन्हींचं मूळ एकच निघालं: गावाचं नाव हीच आम्ही गावाची ओळख मानली होती. इतर ठिकाणी हे कदाचित खपून जातं. आमच्याकडे एकाच गावाची पाटी मराठीत एक, कन्नडात दुसरी, इंग्रजीत तिसरी असते. तिथं हे पहिल्याच पावसात वाहून जातं.

खानापूर दोन राज्यांत का दिसतं

हे आधी घेतो, कारण यातलं नुकसान सगळ्यात जास्त आणि ते करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही.

खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, तसा सांगली जिल्ह्यातही आहे. सांगलीच्या खानापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण विटा. आम्ही ओपनरिफाइन या याद्या साफ करण्याच्या प्रोग्राममध्ये गावांची यादी घालून नावावरून जुळणी केली. विकीडेटावरचं खानापूर बरोबर जुळलं. जिओनेम्सची जुळणी करताना मात्र सांगलीची नोंद उचलली गेली, आणि दोन्हींना आम्ही ओडब्ल्यूएल या, डेटातले संबंध मांडण्याच्या भाषेतला "सेमॲज" हा दुवा लावला.

सेमॲज म्हणजे "साधारण सारखं" असं वाटतं, पण त्याचा अर्थ फार कडक आहे. क हे ख शी सेमॲज आहे म्हटलं की क बद्दल जे जे खरं ते सगळं ख बद्दलही खरं, आणि उलटही. शिवाय ते साखळीनं पुढे जातं: क आणि ख एक, ख आणि ग एक, तर क आणि ग सुद्धा एक. जिओनेम्सची ती सांगलीची नोंद दुसऱ्या कुणीतरी सांगलीच्या खानापूरच्या विकीडेटा नोंदीला अगदी बरोबर जोडली होती. त्यांचा दुवा बरोबर, आमचा एकच चुकीचा. पण साखळी पूर्ण झाली आणि दोन्ही तालुके एकच वस्तू ठरले. त्या वस्तूला राज्यं दोन, मुख्य ठिकाणं दोन, अक्षांश-रेखांशाच्या जोड्या दोन. नकाशा काढणाऱ्या प्रोग्रामनं त्यातली एक जोडी उचलली आणि आमच्या नऊ विहिरी विट्याजवळ नेऊन टाकल्या.

आमच्या लॅपटॉपवर यातलं काहीच दिसत नव्हतं. आमचं ट्रिपलस्टोअर (हा डेटा साठवणारा प्रोग्राम) रीझनिंग बंद ठेवून चालत होतं, म्हणजे जे लिहिलं तेवढंच दाखवायचं, त्यावरून नवं काही काढायचं नाही. ज्यांनी आमची फाइल रीझनिंग चालू असलेल्या स्टोअरमध्ये चढवली त्यांनाच घोटाळा दिसला. म्हणून "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय" हे उत्तर या तक्रारीला देऊ नका. आधी रीझनिंग चालू करून स्वतः बघा.

तपासायचं कसं? एक साधी स्पार्कल क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, लिहा: ज्या ज्या ठिकाणाला एकाहून जास्त राज्यं लागलीत अशी ठिकाणं काढा. सीमाभागासाठी ही क्वेरी सोन्यासारखी आहे. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाचा राज्य कोड २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. बेळगाव जिल्ह्याचा कोड ५५५, कोल्हापूरचा ५३०, सांगलीचा ५३१. एकाच गावाला २९ आणि २७ दोन्ही लागले असतील तर कुठलातरी सेमॲज चुकलाय, एवढं नक्की.

राज्य बघून सगळ्याच वेळी भागत नाही. बेळगावचं शहापूर घ्या. ठाणे जिल्ह्यात शहापूर आहे, ते राज्यावरून वेगळं पडेल. पण यादगीर जिल्ह्यातलं शहापूर कर्नाटकातच आहे. तिथं जिल्हाच बघावा लागतो.

दुसरी एक चूक याच घरातली आहे. "बेळगाव" म्हणजे शहर, तालुका, जिल्हा की महानगरपालिका? विकीडेटावर शहराची नोंद वेगळी आणि जिल्ह्याची वेगळी आहे. आम्ही शहर जिल्ह्याला सेमॲजनं जोडलं, तेव्हा पाच लाखांच्या आतल्या शहराला जिल्ह्याची ४७ लाखांवरची लोकसंख्या चिकटली आणि "दर विहिरीमागे माणसं किती" हे आमचं गणित पार बिघडलं. जोडताना नावाच्या शेजारी प्रकारही बघा. शहर शहराला, तालुका तालुक्याला.

एकच गाव दोनदा का येतं

इथं दोषी असतं ते डोळ्यांना न दिसणारं काहीतरी.

जांबोटीकडच्या एका वाडीत विहिरीची नोंद घेताना मी तिथल्या आजोबांना नाव विचारलं. म्हणाले, "आमी झऱ्याची विहीर म्हणतो. पंचायतवाले बावी नंबर चार म्हणतात. खाली गोव्याच्या अंगाला गेलात तर बांय म्हणतील. पाणी एकच हाय." मी फोनवर "झऱ्याची विहीर" असं टाइप केलं. आमच्या गटातल्या दुसऱ्या कार्यकर्तीनं संगणकावर तेच टाइप केलं. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. डेटात मात्र विहिरी दोन झाल्या.

कारण असं. "झऱ्या" मधला तो अर्धा, आडवा र युनिकोड या अक्षरांच्या संगणकी क्रमांकपद्धतीत दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह. दिसायला एकच, आतली अक्षरं वेगळी. आरडीएफमध्ये, म्हणजे ज्या रीतीनं हा डेटा लिहितात तिच्यात, दोन मजकुरांची तुलना अक्षर-अक्षर होते, कसलीही सवलत नाही. यूआरआयचंही तसंच. म्हणून पत्त्यात नाव घातलं असेल तर दोन पत्ते, आणि दोन पत्ते म्हणजे दोन वस्तू.

यावर "एनएफसी करून टाका, सुटेल" असा सल्ला मिळतो (एनएफसी म्हणजे एकाच अक्षराची काही वेगवेगळी लिखाणं एका ठरलेल्या रूपात आणणारा युनिकोडचा नियम). तो अर्धाच बरोबर आहे. र आणि नुक्ता (खालचं टिंब) वेगळे टाइप झाले असतील तर एनएफसी त्यांचा एक ऱ करून देतं. जोडचिन्हाची रीत आणि ऱ ची रीत यांना मात्र ते एक करत नाही, त्याच्या दृष्टीनं ती दोन वेगळी लिखाणं आहेत. तो बदल स्वतः करावा लागतो: र, हलन्त, जोडचिन्ह अशी तिकडी दिसली की तिथं ऱ आणि हलन्त घाला. आम्ही हे ओपनरिफाइनमध्ये पहिली पायरी म्हणून बसवलंय. एनएफसी आधी, हा बदल नंतर, आणि त्यानंतर शब्दाच्या पुढची-मागची रिकामी जागा छाटणं. जोडचिन्हं सरसकट पुसू नका. कन्नड मजकुरातही ती अर्थानं वापरलेली असतात, पुसली तर र च्या जोडाक्षरांचं रूप बदलतं.

याशिवाय लिहिण्याच्या सवयी आहेतच. जुन्या पाट्यांवर "बेळगांव" असतं. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, पण दुकानांच्या आणि शाळांच्या पाट्यांवरून ते अजून गेलेले नाहीत. चिकोडी आणि चिक्कोडी, हुकेरी आणि हुक्केरी, निपाणी आणि निप्पाणी, सौंदत्ती आणि सवदत्ती. यांत चूक कुणाचीच नाही. कन्नडातून येणारा लेखनात द्वित्त ठेवतो, मराठीतून येणारा सोडतो. यातलं एक "शुद्ध" ठरवून बाकीची खोडायला जाऊ नका. आम्ही ते एकदा केलं, आणि नोंदी आणून देणारी माणसंच दुखावली गेली. माणूस आपल्या गावाचं नाव जसं घेतो तसं ते डेटात सापडलं पाहिजे, यावर माझा पक्का विश्वास आहे.

जुन्या याद्यांचं दुखणं वेगळं. मराठीत श्रीलिपी आणि कन्नडात नुडी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो, फाँट काढला की नुसती इंग्रजी अक्षरांची गर्दी उरते. तो आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग एक-एक नाव डोळ्यांखालून घाला. नोंदी पाचशे असल्या तरी घाला.

शोधूनही गाव का सापडत नाही

याचं उत्तर सोपं आहे. आरडीएफमध्ये मजकुराला भाषेची खूण लावता येते: मराठीची "एमआर", कन्नडची "केएन". खूण लावलेली "कडोली" आणि खूण नसलेली "कडोली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटात खूण आहे आणि क्वेरीत नाही, म्हणून उत्तर शून्य. एकतर क्वेरीत मराठीची खूण लावा, नाहीतर स्ट्र हे फंक्शन वापरून फक्त मजकुराची तुलना करा. डेटातली खूण काढून टाकणं हा उपाय नव्हे. त्या खुणेमुळेच कन्नड वाचणाऱ्याला कन्नड नाव आणि मराठी वाचणाऱ्याला मराठी नाव दाखवता येतं.

पत्ता कशावरून बांधायचा

आता मुळावरचा उपाय. पत्त्यात नाव घालू नका. आकडा घाला.

२०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड आहे. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत, ज्याला सगळे एलजीडी म्हणतात, गावाला तिथला कोड आहे. आम्ही आमच्या गावांना आमचे स्वतःचे क्रमांक दिले आणि जनगणना कोड, एलजीडी कोड हे दोन्ही त्या गावाची माहिती म्हणून लावले. जनगणनेचाच कोड पत्त्यात का घातला नाही? पुढच्या जनगणनेत तो बदलू शकतो, आणि आमचा पत्ता दुसऱ्याच्या कारभारावर अवलंबून राहतो.

आकडे लिहिताना एक जपा. कोड हा मजकूर म्हणून ठेवा, संख्या म्हणून नको. एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतो, आणि ती खाल्ल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही.

पत्त्यात तालुकाही घालू नका. हे मी ठळकपणे सांगतो, कारण यानं आमचं सगळ्यात जास्त काम वाढवलं. पहिल्या वर्षी आमचे पत्ते जिल्हा, मग तालुका, मग गाव असे होते. दिसायला फार सुरेख. पण आमची गावांची यादी जुनी होती. मधल्या काळात निपाणी चिकोडीतून, कागवाड अथणीतून आणि मुडलगी गोकाकमधून वेगळे तालुके झाले होते. यादी नवी केली तेव्हा त्या भागातले सगळे पत्ते खोटे ठरले. आमच्या गटात एक निवृत्त भूमापक आहेत, ते म्हणाले, "तालुका बदलला म्हणून विहीर हालली काय? पत्ता विहिरीचा हाय, तहसीलदाराचा नव्हे." तेव्हापासून गाव कुठल्या तालुक्यात आहे हे आम्ही वेगळ्या ट्रिपलमध्ये (डेटातल्या एका सुट्या विधानात), तारखेसकट लिहितो. नाव बदलाचंही तसंच करतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्याआधीचे सरकारी कागद जुन्या नावाचे आहेत आणि ते तसेच सापडले पाहिजेत.

नावांसाठी स्कॉस या, संज्ञांच्या याद्या मांडण्याच्या प्रमाणातली लेबलं वापरली. दर भाषेत एक मुख्य लेबल आणि हवी तेवढी पर्यायी. मराठीत मुख्य "बेळगाव", कन्नडात "बेळगावी", आणि पर्यायी लेबलांत "बेळगांव", अगदी "वेणुग्राम" सुद्धा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली. गांधीजी अध्यक्ष होते ते हे एकमेव अधिवेशन. त्या विहिरीला पंपा सरोवर असंही नाव आहे. तिचा पत्ता एक, लेबलं कितीही. कुठलं नाव खरं यावर सीमाभागात वाद घालायला माणसं पुष्कळ आहेत. एका आकड्याभोवती सगळी नावं सन्मानानं बसतात, कुणाला कुणासाठी उठावं लागत नाही. हे काम मला इतकं जवळचं वाटतं ते यासाठीच.

सेमॲज कधी, आणि त्याऐवजी काय

कोड जुळला, प्रकार जुळला आणि जिल्हा जुळला, तरच सेमॲज लावा. विकीडेटावर २०११ च्या जनगणना कोडासाठी पी५५७८ हा गुणधर्म आहे. तो भरलेला असेल तर नावाकडे न बघता त्यावरूनच जुळवा. कोड नसेल आणि फक्त नाव व जागा जुळत असतील तर स्कॉसचं क्लोजमॅच लावा. ते साखळीनं पुढे जात नाही, म्हणून चूक झाली तरी चूक तिथंच थांबते. एक्झॅक्टमॅच मात्र साखळीनं जातं, हे विसरू नका. गाव आणि त्याच नावाची ग्रामपंचायत असेल तर यांतलं काहीच नको, "या पंचायतीत येतं" असा सरळ संबंध लिहा.

जुळणीच्या प्रोग्रामात गुणांची मर्यादा वाढवून हा प्रश्न सुटेल असं आम्हालाही वाटलं होतं. नाही सुटत. "खानापूर" आणि "खानापूर" यांची जुळणी शंभर टक्केच येणार.

दोन्ही खानापूर वेगळी आहेत हे उघडपणे लिहूनही ठेवा. ओडब्ल्यूएलमध्ये डिफरंटफ्रॉम आहे, विकीडेटावर त्याच कामासाठी पी१८८९. एकदा लिहिलं की पुढच्या वेळी कुणी सेमॲज लावला तर रीझनर विसंगती दाखवतो. आम्ही खानापूर, शहापूर आणि वडगाव या तिघांसाठी हे केलंय, आणि तेव्हापासून खानापूर विट्याला गेलेलं नाही.

आणखी एक सवय फार उपयोगी पडली: बाहेरचे सगळे दुवे वेगळ्या फाइलमध्ये ठेवणं. विहिरींचा डेटा एका फाइलीत, दुवे दुसऱ्या. प्रत्येक खेपेच्या दुव्यांना कुणी जोडले, कधी जोडले आणि कशावरून जोडले हे लिहून ठेवतो. चूक निघाली की तेवढी खेप मागे घ्यायची, विहिरींना हातही लावायचा नाही.

जुने पत्ते बदलताना

नवे पत्ते केल्यावर जुने पुसून टाकू नका. कुणीतरी त्यांना जोडलेलं असतं. जुना पत्ता उघडला की नव्याकडे वळवा आणि डेटातही "याच्या जागी आता हा" असं लिहा. आमच्या साध्या होस्टिंगवर वळवणं जमत नव्हतं, म्हणून डब्ल्यू३आयडी या मोफत सेवेवर पत्ते घेतले. तिथं वळवण्याचे नियम एका छोट्या फाइलीत लिहायचे असतात. उद्या सर्व्हर बदलला तरी फक्त ती फाइल बदलायची. माणूस आला तर वाचायचं पान, प्रोग्राम आला तर टर्टल (आरडीएफ लिहिण्याचा एक प्रकार) फाइल, ही वाटणीही तिथंच करता येते.

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, शेवटची तिरकी रेघ असणं-नसणं, देवनागरी पत्ता आणि त्याचंच टक्केचिन्हांत रूपांतर झालेलं रूप, या प्रत्येक जोडीतले दोन पत्ते आरडीएफला वेगळेच वाटतात. एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

चढवण्याआधी आम्ही आता चार क्वेरी चालवतो. एका ठिकाणाला दोन राज्यं किंवा दोन जिल्हे. एका जनगणना कोडाला दोन पत्ते. एका पत्त्याला दोन कोड. मराठी मुख्य लेबल नसलेलं गाव. चारही क्वेरी रीझनिंग चालू ठेवून चालवायच्या आणि चारही रिकाम्या आल्या तरच फाइल वर जाते. मागच्या खेपेत तिसऱ्या क्वेरीला एक ओळ आली. शोधलं तर दोन शेजारच्या वाड्यांच्या नोंदी एकाच कागदावर आल्या होत्या आणि भरताना एकाच पत्त्याखाली गेल्या होत्या. कागद भरणाऱ्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओढ्याच्या अलीकडच्या तीन वरच्या वाडीच्या, पलीकडची एक खालच्या." चौथी विहीर आम्ही दुसऱ्या पत्त्यावर हलवली आणि फाइल चढवली.